जुने संगणक जमवणं आणि वापरणं : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या संगणकांबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला प्रश्न सुचवला आहे. माळ्यावरून नुकताच एखादा संगणक खाली काढला असेल, तर बाकी सगळं सोडून आधी सातवा प्रश्न वाचा.

१. जुना संगणक म्हणजे किती जुना? माझा २०१० चा लॅपटॉप यात बसतो का?

अजून तरी नाही. ठरलेली सीमारेषा कुठेही नाही, पण हौशी मंडळी साधारण दोन गट धरतात. पहिला गट ८-बिट घरगुती संगणकांचा. १९७७ च्या ॲपल टू पासून १९८० च्या दशकाअखेरपर्यंतचे, बहुतेक टीव्हीला जोडायचे. दुसरा गट १९८१ च्या आयबीएम पीसीचा आणि तिच्या बरहुकूम बनलेल्या यंत्रांचा, म्हणजे एक्सटी, एटी, ३८६, ४८६ आणि सुरुवातीचे पेंटियम. पुण्यातल्या घरांत आणि कार्यालयांच्या अडगळीत दुसरा गट जास्त सापडतो.

२. हातातला मोबाइल याच्यापेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. मग हे डबडं चालवायचं कशासाठी?

कारण हे यंत्र एका माणसाला पूर्णपणे समजू शकतं. माझ्या मते या छंदाचं खरं कारण हेच आहे, बाकीची कारणं त्याच्यामागून येतात.

१९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटिश घरगुती संगणक घ्या. साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, ४८ केबी रॅम, १६ केबी रॉम (म्हणजे कारखान्यातच कायमची लिहिलेली स्मृती). रॉममधल्या प्रत्येक सूचनेचा अर्थ लावून झालेला आहे आणि चिकाटी असलेला कॉलेजचा विद्यार्थी तो सगळा वाचू शकतो. वीज दिली की क्षणात बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर येते. ‘पोक १६३८४, २५५’ एवढी आज्ञा दिली की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची एक बारीक रेघ उमटते. का, तर १६३८४ हा पडद्याच्या स्मृतीचा पहिला पत्ता आहे आणि २५५ म्हणजे आठही बिट चालू. तुमची आज्ञा आणि तो ठिपका यांच्यामध्ये दुसरं कोणी नाही. मोबाइलवर एक ठिपका काढायचा तर मध्ये किती थर येतात हे तो बनवणारा कुणी एकटा इंजिनीअरही पूर्ण सांगू शकणार नाही.

पुण्यात इंजिनीअरिंग केलेल्या अनेकांनी हा आनंद अर्धा चाखलेला आहे. मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला ८०८५ प्रोसेसरचं किट, हेक्स कीपॅडवरून एकेक आकडा भरायचा आणि शेवटी सात रेघांच्या लाल दिव्यांवर उत्तर. तिथे प्रॅक्टिकलचे तास संपले की किट कपाटात जायचं. इथे तुमच्या घरी वेळेचं बंधन नाही.

३. हे निव्वळ स्मरणरंजन नाही का?

काहींसाठी आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण ज्यांचा जन्मच २००० नंतरचा आहे अशी मुलंही यात येतात, त्यांना स्मरणरंजन कसलं? कुणाला दुरुस्तीची ओढ असते, कुणाला ४८ केबीत अख्खा खेळ बसवायचं आव्हान हवं असतं, कुणाला त्या काळच्या तीन आवाजांच्या साउंड चिपवर संगीत करायचं असतं. आणि कुणाला वडिलांच्या फ्लॉपीतला मजकूर परत हवा असतो. पुण्यात या शेवटच्या कारणाला खास वजन आहे, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

४. पुण्याचा या विषयाशी वेगळा संबंध आहे का?

आहे, आणि तो आपण पुरेसा जपलेला नाही. सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना पुण्यात १९८८ मध्ये झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकत्र जोडलेले होते. हे बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं.

कमी लोकांना माहीत असते ती जिस्ट कार्डाची गोष्ट. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम सीडॅकमध्ये पुढे वाढलं. पीसीच्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचं आणि डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागायची, विंडोज घरोघरी पोचण्याच्या आधी. त्यामागची संकेतप्रणाली म्हणजे इस्की, १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. आठ बिटांच्या २५६ जागांपैकी खालच्या १२८ इंग्रजीला तशाच ठेवून वरच्या जागांत भारतीय लिपी बसवलेल्या. युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीतल्या देवनागरीची मांडणीसुद्धा इस्कीवरूनच घेतलेली आहे. तुम्ही आज फोनवर ‘क’ टाइप करता तेव्हा त्याचा क्रमांक त्या कामाचा वारसा सांगतो.

त्याच काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे भारतीय लिपींचं सॉफ्टवेअर घराघरांतल्या डीटीपी केंद्रांत, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्या केंद्रांत, पोचलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, क्लासच्या नोट्स, संस्थांचे अहवाल, कितीतरी मराठी मजकूर त्या काळात अशा सॉफ्टवेअरांत जुळवला गेला. त्यातला बराचसा छापील स्वरूपात आहे, पण मूळ फाइली कुठल्या तरी फ्लॉपीवर पडून आहेत. त्या वाचायच्या तर जुनं यंत्र हौसेपुरतं राहत नाही, ते कामाचं साधन होतं. प्रत्यक्ष कसं करायचं ते प्रश्न ११ मध्ये.

५. भारतात त्या काळी घरी आणि शाळेत कोणते संगणक होते?

शाळांत बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात हेच यंत्र निवडलं होतं. घरी परवडणाऱ्यांत स्पेक्ट्रम, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आणलेली त्याची भारतीय आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम प्लस. कार्यालयांत एचसीएल आणि विप्रोची यंत्रं, आणि पुढे सुटे भाग आणून जुळवलेले पीसी. डीबी स्पेक्ट्रम कुठे दिसला तर सोडू नका. परदेशातल्या संग्राहकांनाही तो सहज मिळत नाही.

६. पुण्यात शोधायचे कुठे?

सर्वांत चांगली जागा म्हणजे ओळखीच्यांचे माळे. नातेवाइकांना, सोसायटीच्या ग्रुपवर, निवृत्त प्राध्यापकांना एकदा विचारून ठेवा. घर रिकामं करताना लोकांना आठवण होते. बंद होणारी क्लासेस आणि छोटे कारखाने हेही चांगले. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर कीबोर्ड, मदरबोर्ड, क्वचित अख्खं यंत्र दिसतं. भंगारवाल्यांशी ओळख ठेवा आणि त्यांना नाव न सांगता फोटो दाखवा. ‘स्पेक्ट्रम’ म्हटल्यावर कुणाला कळणार नाही, पण काळ्या डबीचा आणि मागच्या कनेक्टरचा फोटो लक्षात राहतो.

सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कपॅसिटर, रेग्युलेटर, आयसी सॉकेट, कनेक्टर तिथे मिळतात. दुकानदाराला मूळ भाग नेऊन दाखवलात तर काम पटकन होतं.

विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला तर चालू करून दाखवायला सांगा. ते शक्य नसेल तर बंद यंत्राचीच किंमत द्या. मात्र जी यंत्रं वर्षानुवर्षं पडून आहेत ती तिथल्या तिथे चालू करायला लावू नका. कारण पुढच्याच प्रश्नात.

७. आजोबांचा संगणक माळ्यावर सापडला. प्लग लावून बघू का?

थांबा. अनेक यंत्रं पडून राहून बिघडत नाहीत, पडून राहिल्यावर एकदम वीज दिली की बिघडतात.

आधी झाकण उघडा. २८६ ते ४८६ च्या मदरबोर्डवर बहुधा निळी, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती गळते, आणि गळलेलं द्रव्य तांब्याच्या रेषा खात जातं. बॅटरीभोवती हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती ताबडतोब कापून काढा. द्रव्य क्षारी असतं, म्हणून पांढरं व्हिनेगर लावलेल्या ब्रशने ते निष्प्रभ करा, मग स्वच्छ पाण्याने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळवा. बॅटरी अजून गळली नसेल तरीही काढा. ती गळणारच आहे.

मग पॉवर सप्लाय. मदरबोर्डपासून सोडवा, थोडा भार लावून वेगळा चालवा आणि मल्टिमीटरने ५ व १२ व्होल्ट येतात का बघा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र धूर होतो. त्यांच्या जागी नवीन एक्स-२ दर्जाचे कपॅसिटर लावा, ते स्वस्तात मिळतात. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या मूळ ॲडाप्टरवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. तो बिघडला की ५ व्होल्टच्या वाटेने जास्त दाब सोडतो आणि रॅमच्या चिप जळतात.

हे सगळं तपासून झाल्यावर पहिली वीज द्या आणि समोर बसून राहा. वास आला तर लगेच बंद.

८. स्पेक्ट्रमचा ॲडाप्टर नाही. नऊ व्होल्टचा बाजारातला चालेल का?

उलट ध्रुवाचा असेल तर यंत्र जाईल. आज मिळणाऱ्या बहुतेक ॲडाप्टरच्या पिनच्या आत धन आणि बाहेर ऋण असतं. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं, आत ऋण. विकत घेतलात तर वायर कापून ध्रुव बदला, मल्टिमीटरने खात्री करा, आणि त्यावर ठळक चिठ्ठी चिकटवा म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून वापरणार नाही.

अमेरिकेहून आलेल्या यंत्रांना ११० ते १२० व्होल्ट लागतात, आपल्याकडे २३०. काही पॉवर सप्लायच्या मागे व्होल्टेज निवडायचा लाल स्विच असतो, तो नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ब्रिटिश यंत्रांचा हा प्रश्न येत नाही. त्यांचं पाल या टीव्ही-पद्धतीचं चित्र आपल्या जुन्या टीव्हीवर सहसा दिसतं.

९. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

पुण्यात पाऊस कोकणासारखा नाही, पण जुलै ते सप्टेंबर बंद कपाटात बुरशी नक्की धरते, आणि तिला सर्वांत आवडते ती फ्लॉपी. ५.२५ इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून आतली चकती हळूच फिरवून उजेडात बघा. धुरकट ठिपके किंवा वलयं दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या हेडला चिकटते, चुंबकीय थर खरवडला जातो, आणि पुढे घातलेली चांगली फ्लॉपीही त्या घाण हेडमुळे खराब होते. महत्त्वाच्या फ्लॉपीचं आवरण एका कडेने कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसतात, वाळवून दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालतात आणि एकदाच वाचून प्रत करून घेतात.

साठवणुकीला हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की बदला. यंत्रांसाठी मात्र मी डबा सुचवणार नाही. दर महिन्याला अर्धा तास चालवलेलं यंत्र आतून उबदार होऊन कोरडं राहतं, वापरात राहिल्याने कनेक्टरही जाम होत नाहीत.

१०. स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून खेळ लोड होत नाही. ‘आर टेप लोडिंग एरर’ येते. टेपरेकॉर्डर खराब आहे का?

बहुधा फक्त हेडचा कोन बदललेला असतो. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळायला हवा. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, प्ले दाबल्यावर बहुतेक रेकॉर्डरमध्ये तो एका भोकातून दिसतो. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवा. आवाज जिथे सर्वांत तीव्र आणि कर्कश येतो तिथे थांबा. मग व्हॉल्यूम पाऊणपर्यंत, टोन कंट्रोल असेल तर ट्रेबल पूर्ण. रबरी पट्टा सैल झाला असेल तर वेग डळमळतो आणि कितीही कोन लावून उपयोग होत नाही. पट्टे तपकीर गल्लीत मापाप्रमाणे मिळतात.

४८ केबीचा खेळ यायला चार-पाच मिनिटं लागतात. मुलांना सोबत बसवा. पडद्याच्या कडेला धावणारे निळे-पिवळे पट्टे म्हणजे प्रत्यक्ष आत येणारे बिट आहेत, हे सांगितलं की ती शांत बसून बघतात.

११. वडिलांनी १९९५ च्या सुमारास मराठीत लिहिलेलं सगळं फ्लॉपीवर आहे. वाचता येईल का?

बऱ्याचदा येतं. काम तीन टप्प्यांत करा आणि क्रम मोडू नका.

पहिला टप्पा, बिट वाचवणं. आधी फ्लॉपीवर लिहिलं जाणार नाही याची सोय करा. ३.५ इंचीत कोपऱ्यातली सरकती खिट्टी सरकवून भोक उघडं ठेवायचं, ५.२५ इंचीत उलट, कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ३.५ इंचीला चालतो, ५.२५ इंचीला चालत नाही. त्यासाठी जुना ड्राइव्ह आणि एक तर जुना पीसी किंवा ग्रीझवीझलसारखं छोटं उपकरण लागतं. ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतं. बुरशीसाठी प्रश्न ९ पाहा.

दुसरा टप्पा, मजकूर कोणत्या पद्धतीने भरला होता ते ओळखणं. जिस्टमधला असेल तर इस्की, आणि इस्कीतून युनिकोडमध्ये न्यायला साधने आहेत. डीटीपी सॉफ्टवेअरचा असेल तर प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे, म्हणून आजच्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. मजकूर गेलेला नसतो, योग्य फॉन्ट मिळाला की तो पुन्हा दिसतो. फॉन्टचं नाव कळलं तर रूपांतर करता येतं.

तिसरा टप्पा, मूळ सॉफ्टवेअर. त्या काळच्या डीटीपी सॉफ्टवेअरला पुष्कळदा प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप, म्हणजे डोंगल, असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. म्हणून एक कळकळीची विनंती. जुनं डीटीपी केंद्र बंद होत असेल तर संगणकाबरोबर त्याच्या मागे खोचलेलं ते छोटं डबीएवढं डोंगल आणि फॉन्टच्या फ्लॉपी मागून घ्या. भंगारात सर्वांत आधी तेच हरवतं.

१२. ५.२५ इंची फ्लॉपी एका पीसीत वाचते, दुसऱ्यात नाही. असं कसं?

३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये ४० ट्रॅक (माहितीचे गोल पट्टे) असतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ८०, आणि त्याचं हेड निम्म्या रुंदीचं. आधी ३६० केबीच्या ड्राइव्हवर भरलेल्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने पुन्हा लिहिलं की नव्या बारीक पट्ट्याच्या बाजूला जुन्या रुंद पट्ट्याचा अंश उरतो. रुंद हेडला दोन्ही एकदम ऐकू येतात. जिथे लिहिली तिथेच वाचा.

१३. इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. मग खरं यंत्र कशाला?

इम्युलेटर जरूर वापरा. पैसे घालण्याआधी स्पेक्ट्रमसाठी फ्यूज किंवा डॉससाठी डॉसबॉक्सवर काही आठवडे घालवा, आवड टिकते का ते कळेल. तरी तीन गोष्टी त्यात येत नाहीत. पहिली, खऱ्या पडद्याचा प्रकाश आणि कळ दाबल्यावर लगेच मिळणारा प्रतिसाद. दुसरी, स्लॉटमध्ये बसणारी खास कार्डं. त्यांची नक्कल कुणी तरी आधी लिहिलेली असावी लागते, आणि भारतीय कार्डांसाठी ते काम आपणच करायला हवं. तिसरी, दुरुस्ती. बिघडलेलं यंत्र स्वतः शोधून बरं करण्यातून जे शिकायला मिळतं ते पुस्तकात नाही.

१४. फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्हवाला गोटेक किंवा हार्ड डिस्कऐवजी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावलं तर मूळपण जातं का?

परत काढता येणारा बदल असेल तर नाही. मूळ ड्राइव्ह जपून ठेवा, छिद्रं पाडू नका, केस कापू नका. रोज वापरायच्या यंत्रात मी सीएफ कार्डच सुचवेन, कारण तीस वर्षांच्या हार्ड डिस्कला आणखी झिजवण्यात अर्थ नाही.

१५. मॉनिटर घरी दुरुस्त करू का?

नाही. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. जुन्या टीव्ही दुरुस्तीचा अनुभव असलेला माणूस शोधा. असे कारागीर पेठांत अजून आहेत.

१६. सुटे प्रोसेसर अजून मिळतात का?

६५०२ या ८-बिट प्रोसेसरचं आधुनिक रूप अमेरिकेत अजूनही बनतं. झेड-८० च्या मूळ मालिकेच्या नव्या ऑर्डर मात्र झायलॉग कंपनीने जून २०२४ मध्ये बंद केल्या. साठा बाजारात आहे, तरी दोन-चार घेऊन ठेवा.

१७. जुने खेळ आणि सॉफ्टवेअर उतरवून घेणं कायदेशीर आहे का?

जुनं म्हणजे मुक्त, असं नाही. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृती मानला जातो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. पण काही मालकांनी स्वतःहून दारं उघडली आहेत. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५, २.० आणि २०२४ मध्ये ४.० या आवृत्त्यांचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली दिला. स्पेक्ट्रमचा रॉम इम्युलेटरबरोबर वाटायला त्याचे हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने परवानगी दिली होती. शिवाय १९९४ पासून चालू असलेला फ्रीडॉस हा डॉसचा पर्याय पूर्ण मुक्त आहे.

१८. परदेशातून मागवू का?

वापरलेल्या पीसी आणि लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगी लागते. मागवण्याआधी कस्टम्सच्या नियमांची चौकशी करा. सुटे भाग मागवणं तुलनेने सोपं.

१९. भोसरीतल्या आमच्या कारखान्यात एक मशीन अजून डॉसच्या पीसीवर चालतं. तो पीसी संग्रहात देऊ का?

त्याचा वापर बंद करू नका आणि तो देऊही नका. अशा पीसीच्या आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटमधल्या कार्डावर लाखोंचं मशीन अवलंबून असतं. आजच हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत सीएफ कार्डावर घ्या, बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या, सेटिंगचे फोटो काढून ठेवा (बॅटरी संपली की ती सेटिंग पुसली जातात), आणि त्याच जातीचा दुसरा मदरबोर्ड शोधून ठेवा. बॅटरीसाठी प्रश्न ७ लागू आहेच. संग्राहकांकडे असे बोर्ड पडून असतात. विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने देतील.

२०. घरात जागा नाही, मला ठेवायचा नाही. भंगारवाल्याला देऊ?

आधी आतली हार्ड डिस्क आणि फ्लॉपी घरच्यांना दाखवा, कारण प्रश्न ११ मधला मजकूर तिथेच असतो. मग यंत्र चालवेल अशा हौशी माणसाला द्या, किंवा एखाद्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला विचारा. पूर्ण निकामी असेल तर अधिकृत नोंदणी असलेल्या ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडेच. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार ती सोय आहे, आणि उघड्यावर जाळल्यास शिसं आणि विषारी धूर आसपासच्या माणसांच्याच अंगात जातो. देताना केबल, ॲडाप्टर आणि छापील पुस्तिका एकाच खोक्यात बांधा.